लेबल

रात्री साडेदहाला रजिताचा फोन.
तिकडे डर्बीत संध्याकाळचे पाच, आणि अंधार पडून तास झालेला.
"काय करलालीस, अम्मा?"
लेबलं शिवतेय, म्हटलं. सात डझन उरलीत,
चिलवेरींचा पोरगा सकाळी आठलाच गठ्ठा न्यायला येतो.

म्हणाली, मी वीजवाला बदलतेय.
मला वाटलं, वायरमन.
आपल्याकडे गफूर आहे, सायकलला बांबूची शिडी बांधून येणारा.
त्याला बदललं तर सगळं विडी घरकुल अंधारात बसेल.

नाही गं, कंपनी.
एक साइट आहे, तिथे पिनकोड टाकायचा,
खोल्या किती, माणसं किती, गेल्या वर्षी किती जाळलं,
की अकरा कंपन्या ओळीनं उभ्या राहतात,
स्वस्त वर, महाग खाली.
म्हणजे मुली बघतात तसं?
"हो, पण इथे त्या उभ्या राहतात
आणि पोहे मी खाते."

फोन तिनं पडद्यासमोर धरला.
एकीचं युनिट स्वस्त, पण रोजचं ठरावीक भाडं जास्त.
दुसरी वर्षभर दर बांधून देते, मध्येच सोडलं तर दंड.
तिसरीला चांदण्या साडेतीन.
चांदण्या कोण देतं?
"गिऱ्हाइकं."
आणि त्या साइटचं पोट कशावर?
थांबली जरा.
"मी जिच्याकडे जाईन, ती हिला दलाली देते."
मग ठीक. दलाल ओळखता आला की बाजार ओळखता येतो,
तुझे ताता मंगळवार बाजारातून येताना हेच बोलायचे,
आणि तरी दर वेळी फसायचे.

वर्षाला त्र्याण्णव पौंड वाचतील म्हणे.
मी मनात केलं: साडेदहा हजार.
नगाला पस्तीस पैसे.
तीस हजार लेबलं.
मशीनवरचा पाय आपोआप थांबला.

विचारलं, मग वायर नवीन टाकणार?
नाही.
मीटर?
तोच.
दिवा जास्त लख्ख पडेल?
"नाही अम्मा. वीज तीच. बिलावरचं नाव तेवढं दुसरं."

मला हसूच आलं. मांडीवर टॉवेल होता.
त्याच मागावरचा, त्याच सुताचा, दत्त नगरच्या त्याच शेडमधला.
सकाळी मी त्याला निळं लेबल लावते, सोनेरी हत्तीचं,
तो दीडशेला जातो.
दुपारनंतर पांढरं, नुसती दोन अक्षरं,
तो नव्वदला.
माझ्याच हातानं, रजिता, वीस वर्षं.
तुझी नर्सिंगची पहिली फी त्या हत्तीनंच भरली.

ती गप्प. मग म्हणाली,
"पण कळत असेल, तर नव्वदवालाच घ्यावा ना?"
घ्यावा की.
कळायला तीस हजार लेबलं लावावी लागतात, एवढंच.

आपल्या बिलावर अजून तातांचं नाव.
जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी दर महिन्याला त्यांना येतंच:
प्रिय ग्राहक, मुदतीत भरणा करावा.
गेले होते एकदा नाव बदलायला.
मृत्यूचा दाखला, दिरांची संमती, स्टॅम्प पेपर,
दिरांपैकी एक भिवंडीत, एक बोलत नाही.
काउंटरवरची बाई म्हणाली, वीज येतेय ना? मग कशाला.
इथे कंपनी एकच,
आणि गिऱ्हाईक मेलं तरी सुटत नाही.

तिनं बटण दाबलं.
चौदा दिवस आहेत म्हणाली, मन बदललं तर परत.
मग वाकून जिन्याखाली गेली,
जुन्या कंपनीला शेवटचं रीडिंग द्यायचं होतं.
एका हातात बॅटरी, एका हातात मी.
"मला नीट दिसेना, तू वाच."
चष्मा पुसला. चार, शून्य, सात... पुढचा सात की एक?
"हात हलतोय माझा. थांब. एक."

मग तिथूनच, जिन्याखालूनच, विचारलं,
"आपलं किती झालं?"
मी दारामागची खुर्ची ओढली, वर चढले,
काचेवरची सुताची पिंज पदरानं पुसली
आणि तातांचं रीडिंग
तिला वाचून दाखवलं.