मग्दलकरीण

कपेलातली मूर्ती माझ्या मांडीवर आडवी,
खाली जुनं पोतं, शेजारी करवंटीत लाख.
वाळवीने खांदा खाल्लाय, डावा डोळा पुसट.
पाद्री सिप्रियान म्हणतात,
अश्रू तेवढे नीट कर, पुंडलिक,
त्यांच्यावरूनच लोक तिला ओळखतात.

मग बाकावर टेकून, चष्मा पुसत सांगतात:
इंग्रजांकडे एक शब्द आहे, मॉडलिन.
उगाच गळा काढणारा,
दोन पेल्यांत डोळे भरून आणणारा, तो मॉडलिन.
आणि तो शब्द म्हणजे ही.
मॅग्डलीन, मॉडलेन, मॉडलिन,
तोंडातोंडांतून झिजत गेलेली.
चितारी लोक हिला रडतानाच काढायचे,
पुढे दारुड्यांनी तिचं नाव उचललं.

मला हसू आलं.
समोर बेनतूच्या तावेर्नात
म्हातारा तारवटी लाझारूस
उरकाच्या तिसऱ्या पेल्याला रोज रडतो,
मोंबासाला विसरलेल्या छत्रीसाठी.

हिचं खरं नाव काय, पाद्री?
मारिया. मग्दला हे गाव.
तळ्याकाठचं, मासे खारवणारं.

कुंचला थांबला.
म्हणजे आमच्यासारखंच की.
मी कुंकळ्येकर, ही मग्दलकरीण.
गाव पाठीशी बांधून बाई हिंडली
आणि लोकांनी त्या गावाचंच रडणं केलं.
मिठाची पोती, जाळी झटकण्याचा आवाज,
तळ्यावर कपडे आपटताना
कुणी खदखदून हसलं असेल ते,
यातलं काही त्या शब्दात शिरलं नाही.

माझ्या बहिणीला सगळे रडूबाई म्हणत.
रेशनकार्डावर घालायला
तलाठ्याने नाव विचारलं
तर बाबा अडखळले.
शेवंत, तिनेच सांगितलं,
आणि हसली.
मी पाहिलंय.

उजव्या गालावर थेंब ठेवला,
मेणबत्तीत चमकेल असा.
डावा गाल कोरडाच.
पाद्री बोलतील. बोलू देत.
ओठाच्या कोपऱ्याशी, रंग उडाला होता तिथे,
केसाएवढी रेघ
किंचित वर ओढली आहे.

लाख वाळतेय.
तिकडे लाझारूसने सुरू केलंय:
काळी होती, म्हणतोय,
बांबूच्या मुठीची.