विळास

तालुका कचेरीच्या खिडकीतून बाईनं विचारलं,
विळास एल्ली री?
मला कन्नड येतं. वडगावात मागावर बसून
शेजारणींशी जन्मभर तेच बोलले.
तरी त्या दिवशी कान फसला.
वाटलं, विचारतेय,
विलास कुठं असतो तुमचा?
म्हटलं, हिडकलच्या पाण्यावर.
तिनं पेन खाली ठेवलं.

नवरा माझा भरमा कंग्राळकर,
उद्यमबागेत चौतीस वर्षं पॅटर्नमेकर.
सागवानी साचा, वाळूत त्याचा ठसा,
ठशात लाल लोखंड.
वस्तू परदेशी जायची, साचा परत फळीवर.
तो सांगायचा, थंड होताना लोखंड आकसतं,
म्हणून साचा आधीच मोठा करायचा,
मीटरला दहा मिलिमीटर.
निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
घड्याळाकडं बघत म्हणाला,
आपला साचा कुणी मोठा केलाच नव्हता गं.
आकसलो ते आकसलोच.

मग पत्र्याच्या शेडात दोन वर्षं
एकोणीस फुटांची नाव.
गल्ली म्हणाली, समुद्र चोर्ल्याच्या पलीकडं,
आणि हे येळ्ळूर रोडला बोट बांधायलेत.
मुलानं पुण्याहून विचारलं, जाणार कुठं?
भरमा म्हणाला, कुठंच नाही. इथून फक्त.

शीड मी शिवलं.
कपाट नणंदेला दिलं, मिक्सर समोरच्या शांताक्काला,
घड्याळ कुणी घेईना, तेही तिलाच.
देव तेवढे बरोबर घेतले,
ते आधीपासूनच लहान होते.

पहिला महिना वाईट गेला.
मीठ ओलं, उशी ओली, काड्यापेटी ओली.
संडासाचं लिहू नको, भरमा म्हणतो.
लिहिते. बादली.
रात्री उठून मी दाराची कडी चाचपायची,
दार नव्हतं.

पण दुपारी पश्चिमेकडून वारा येतो,
शीड दोनदा फडफडतं आणि ताठतं.
माग बंद झाला की
वडगावातलं घर कसं एकदम गप्प व्हायचं,
तसं पाणी गप्प होतं.
भरमा सुकाणू धरून
काही न बोलता हसतो.
त्याचे दात इतके आहेत
हे मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलात पाणी उतरलं.
एका सकाळी नांगर वर ओढला
तर कौलाचा तुकडा आला,
चिखल धुतल्यावर लाल.
काठावर बाळव्वा शेळ्या राखते,
तिच्याकडं घेऊन गेले.
तिनं तुकडा उलटा केला, सुलटा केला,
आमच्या नावेकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरून,
मग बोटानं डावीकडं जरा सरकवलं मला,
जसं फोटोत उभं करतात.
तिथं, म्हणाली. पारावरून तिसरं घर.
ट्रॅक्टर आला तेव्हा चूल पेटलेली होती.
भाकरी तव्यावर.

मी लोकांना सांगत आलेय,
आम्ही घर सोडलं.
केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी ते.

तुकडा ठेव गं तुला, म्हटलं.
मला कशाला? म्हणाली. शेळीला कौल कशाला?
टाक परत. घर तिथं हाय.

टाकला. बुडबुडाही आला नाही.

भरमानं विचारलं, नांगर हलवू या का दुसरीकडं?
दुसरीकडंही कुणाचं तरी असेल, म्हटलं.
तो फळीवरच्या रंध्याशी उगाच चाळा करत बसला.

कचेरीतला फॉर्म अजून डब्यात आहे,
विळासच्या रकान्यात ओल धरलेली.

आता रात्री जेवणं झाली की
पातेलं मी हळू ठेवते,
बादली घासटत नाही,
भरमाला खोकला आला तर
म्हणते, जरा हळू.
वरच्या मजल्यावर
भाड्यानं राहणाऱ्यांनी राहावं तसं.