किती झालं वं

तळ्याच्या पाळीवर बसून मी आकडे शिकले.
बाप डोंग्याच्या कडेवरून खाली जायचा,
पाणी त्याच्यावर मिटायचं
आणि मी मोजायची. एक, दोन.
सत्तरच्या पुढे माझा आवाज चढायचा,
शंभराला मी उभी राहायची.
मग भलतीकडेच कुठेतरी, कमळाच्या पानांत,
काळं डोकं वर यायचं, मिशांतून पाणी गळायचं
आणि पहिला शब्द, "किती झालं वं?"
एकशे बारा, एकदा.
शाळेत कुणाच्या बापाचा आकडा एवढा नव्हता.

यंदा शिंगाडे काढून झाले, धानाची गंजी लागली
आणि बकाराम ढिवराला सर्दी झाली.
हे त्याचंच म्हणणं.
चौथ्या दिवशी मी माहेरी आले
तेव्हा एवढंसं वाक्य त्याने तीन दमांत सांगितलं.
सर्दीच
तं
हाय.

प्रल्हादने ओव्याची पुरचुंडी शेकली होती,
मोहरीच्या तेलात लसूण जाळला होता.
अंग फारसं तापलेलं नव्हतं,
म्हणून सगळे निवांत.
वहिनी म्हणाली, परवा रात्री हुडहुडी भरली,
तीन वाकळा घातल्या तरी खाट वाजत होती,
मग घाम आला आणि उतरलं.
उतरलं म्हणजे बरंच, नाही का?

मी पाहिलं, तो उजव्या कुशीवरच पडतो,
बरगडीवर तळहात दाबून,
डोंग्याला भोक पडल्यावर दाबतात तसा.
खोकला आला की आधी डोळे मिटतो,
येऊ देऊ की नको, असा.
खाटेखालच्या राखेच्या टोपल्यात थुंकी विटकरी,
जुन्या खिळ्याभोवती लाकडाला चढतो तो रंग.
नखं पाहिली. जांभळं सोलल्यासारखी.
जांभळांना अजून सहा महिने होते.

आणि त्याने मला विचारलं,
"बुढी आली का जाळं घेऊन?"
बुढी म्हणजे त्याची माय.
तिला जाऊन एकोणीस वर्षं.
प्रल्हाद हसला. म्हातारं झालं बाबा, म्हणाला.
चार दिवसांत कोणी म्हातारं होत नाही, रे.

मोबाईल काढला, एक मिनिट लावलं,
त्याच्या पोटावर नजर ठेवली.
दर खेपेला गळ्याखालची खळगी आत जात होती,
नाकपुड्या फुलत होत्या
काठावर टाकलेल्या रोहूच्या कल्ल्यांसारख्या.
दहा. अठरा. अर्धंच मिनिट झालं होतं.
अडतीस.
पाळीवर वाढता आकडा किती आवडायचा मला.

धानाच्या पोत्यांना टेकवून बसता नेला,
आडवा होऊ दिला नाही.
साकोलीच्या दवाखान्यात निरंजना सिस्टरने
बोटाला चिमटा लावला, आकडा वाचला,
बोलली काही नाही, आधी नाकाला नळी लावली.
डॉक्टर पोरगेलासा. पाठीवर एक बोट ठेवून
दुसऱ्या बोटाने ठोकत खाली आला.
डावीकडे रिकामी घागर.
उजवीकडे, तळाशी, भरलेली.
ते मलाही ऐकू आलं,
घागरी आम्ही वाजवूनच घेतो.
फोटोत त्याच जागी पौषातलं धुकं.
"न्यूमोनिया. जंतूंचा. अजून एक रात्र घरी ठेवला असता तर,"
आणि वाक्य तसंच टाकून तो सुई भरायला लागला.

पन्नास वर्षं तळ्यात गेला हा माणूस,
आणि पाणी त्याला कोरड्या खाटेवर गाठत होतं.

चौथ्या पहाटे मी पुन्हा मोजत होते, सवयीने.
बाहेर चहावाल्याचा स्टोव्ह भरभरत होता.
त्याने डोळे उघडले.
"किती झालं वं?"
एका दमात. सलग.
"बावीस, बाबा."
त्याचं तोंडच पडलं.
"बावीसच?"
कसं सांगू, की आता उतरता आकडा चांगला,
की मी रात्रभर बावीसचीच वाट पाहिली.
काही सुचायच्या आत तो डाव्या कुशीवर वळला,
भिंतीला म्हणाला,
"डोंगा उन्हात राह्यला असंल. तडकंल.
पल्लादले सांग, पाण्यात ढकल म्हणा."