टंच

हुपरीच्या स्टँडवर उतरलं की
आधी भट्टीचा वास येतो, मग गाव.
माझ्या पिशवीत टॅब्लेट, चार्जर, बिस्किटाचे दोन पुडे
आणि भूपाल मगदुमांचा मेंदू.
म्हणजे त्याची चावी.
कंपनीत आम्ही असंच म्हणतो आणि हसतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चिमट्यातून
पैंजणाचा रवा सांडायचा.
राळ्यापेक्षा बारीक दाणा
जागेवर पोचायच्या आधीच थरथरून जायचा.
मग कोल्हापुरात ऑपरेशन. कवटीत दोन तारा,
गळ्याजवळच्या हाडाखाली काडेपेटीएवढी बॅटरी.
मी बटण दाबलं आणि हात थांबला.
परगावाहून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा
म्हातारा आपल्याच हाताकडे बघत राहिला.
त्या दिवशी वाटलं, आपण पुण्य करतोय.
आजही वाटतं. ते खोटं नाही.

आज शीतल, त्यांचा थोरला, मला गोठ्याकडं घेऊन गेला.
"सोमवारी हातकणंगल्याला सही हाय. दुकानाची जागा.
आप्पा ऐकंनात.
मागं तुम्ही वाढवलं हुतं, तवा आठ दिवस
कसं गार हुते. हसत हुते.
तसं करा की जरा. दुखत तर न्हाई न्हवं?"

दुखत नाही. खरंच दुखत नाही.
म्हणून तर.

ओसरीवर आप्पा विचारतात,
"साहेब, हात बरा झाला, पर माझा राग कुठं गेला?
परवा कारागिरानं तोळाभर चांदी उडवली,
मला शिवी सुदीक सुचली न्हाई.
बघा जरा त्या पाटीत. तिथं असंल."

मी पाटीत बघतो.
आलेख दिसतो. राग दिसत नाही.
एक निळी पट्टी दिसते, बोटानं सरकणारी.
दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट नऊ.
खाली रकाना: बदलाचं कारण.
कंप. ताठरपणा. झोप. रुग्णाची विनंती.
मुलाची विनंती, असा पर्याय नाही.
कंपनीच्या मते असं कुणी करत नाही.

या गावात चांदीच्या शब्दावर कुणी जात नाही.
कोपरा कापतात, वितळवतात, टंच काढतात:
साठ, सत्तर, ब्याण्णव.
सोमवारी एक सही होईल,
ठाम, वळणदार, कुठंही न हललेली.
तिचा टंच कुणी काढायचा?
त्यात मगदूम किती, मिलिअँपियर किती?

आप्पा आतून जोडवी आणतात, माझ्या बायकोसाठी.
"हात बरा झाल्यावरची पयली घडण."
पैसे घेत नाहीत. हसतात.

मी त्या हसण्याकडं बघतो
आणि मागच्या भेटीची नोंद उघडतो.
तारीख. वेळ. माझं नाव.
कारण: रुग्णाची विनंती.

काय मागितलं होतं आप्पांनी तेव्हा?
आठवत नाही.
शीतल चहा घेऊन येतो. साखर जास्त आहे.
बोट अजून पट्टीवरच आहे.