तीन हजार वॉट

पहिला रॉड आंघोळीच्या बादलीतला होता,
वीतभर, दीड हजाराचा.
मोड आणून, गच्चीवर वाळवून भरडलेली दादर
त्याच्या अंगाला चिकटली आणि जळाली.
तीस लिटर मोरीत गेले.
रत्नप्रभा म्हणाली, पिठल्याची खरवड बरी,
निदान कोरून खाता येते.

म्हणून पाचकंदीलला, इद्रीस मोमीनकडे.
त्याच्या बापजाद्यांनी सूत विणलं,
हा नायक्रोमची तार वळतो.
भिंतीवर टांगलेले एलिमेंट: इस्त्रीचे, गिझरचे,
चहाच्या टपऱ्यांचे, शंखासारखे,
आणि बेकरीचा एक, पुरुषभर उंच,
ज्याचं गिऱ्हाईक परत आलंच नाही.

कितलं पानी?
तीस लिटर.
आनि तुले कितली घाई शे?

आयटीआयत मी बावीस वर्षं फळ्यावर वॉट शिकवला.
घाई अभ्यासक्रमात नव्हती.

त्यानं पुठ्ठा फाडला, कानामागची पेन्सिल काढली.
दोन हजार घेतला तर उकळीला सव्वा तास.
तीन घेतला तर तासाला दहा मिनिटं कमी.
पण देवपुरात रात्री व्होल्टेज कितलं ऱ्हास?
मी म्हणालो, मे महिन्यात एकशे ऐंशी.
मग तुझ्या तीन हजाराचे अठराशेच धर.
वर्गाचा नियम. माझाच, दर जुलैत शिकवलेला.
पण त्या पुठ्ठ्यावर, तंबाखूच्या डागाशेजारी,
तो पहिल्यांदा माझ्या घरचा वाटला.

मग चार हजाराचा?
पंधरा अँपिअरचा प्लग त्यानं नुसताच उचलून दाखवला,
एका बाजूनं ओघळलेला,
मेणबत्तीसारखा.

मग दोन ठेवले समोर, दोन्ही तीन हजाराचे.
एक आखूड, जाड, रागीट.
दुसरा लांबलचक, चार घड्या घातलेला,
स्टीलचा, पोरीच्या रिबिनीसारखा.
आग तेवढीच आहे, म्हणाला,
हा एका जागी ओततो, हा वाटत जातो.
मांडे करणाऱ्या बाईला विचार,
खापराच्या मधोमधच जाळ घातला तर काय होतं.
मी लांबड्यावरून हात फिरवला. थंडगार.
किंमत पावणेदोनपट.

आणि करतोस काय यात? दूध?
दादरचं पाणी, मी म्हणालो. उकळून, थंड करून,
पंधरा दिवस अंधारात ठेवायचं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.
मी तापवायचं विकतो, म्हणाला,
पुढचं तुझं आणि तुझ्या अंधाराचं.
आणि हिरवी वायर, दोन मीटर, फुकट बांधली.
बाकी काय चूक-बरोबर ते नंतर बघ.
अर्थिंग आधी.

पातेलं रत्नप्रभाच्या लग्नातलं.
काठाखाली कोरलेलं: भाचीस सप्रेम, मामा लोटन, १९८९.
नावाला धक्का लागला तर बघ, ती म्हणाली.
भोक तळापासून चार बोटांवर आखलं, नावापासून दूर.
तरी ड्रिल घसरलं, वर चढलं,
आणि सप्रेममधला म त्यानं खाल्ला.
दोन दिवस ती बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी वॉशर तिनंच बसवला,
म्हणाली, तुझ्या हाताला पाणी ठरत नाही.

आज रात्री नऊला बटण दाबलं.
शेजारच्या चिंधाअण्णांचा पंखा हळू झाला,
गल्लीतला दिवा हळदीसारखा पडला.
मीटरचा लाल ठिपका एवढा लवलवला
की लाज वाटली.
मग बराच वेळ काहीच नाही.
आम्ही दोघं स्टुलांवर, पातेल्याकडे बघत.
आधी ते गुणगुणलं.
मग घड्यांमधून बारीक बुडबुडे सुटले,
चारही घड्यांमधून, सारखे.
खाली काही धरलं का बघ, ती म्हणाली.
मी लाकडी उलथनं तळाशी फिरवलं.
साफ.

साडेदहाला गॅलरीतून अण्णांचा आवाज:
एवढ्या रात्री भाकरी कोण टाकतंय रे?
रत्नप्रभा माझ्याकडे बघून हसली,
आणि अण्णांना म्हणाली,
थांबा, अजून पंधरा दिवस.