तीनशे त्र्याऐंशी

माटोळीच्या सामानाची यादी केलेला कागद.
मागची बाजू कोरी होती, तिथं हिशेब मांडलाय:
बोअर चार इंच, वर तीस हजारांश,
स्ट्रोक पावणेचार,
सिलिंडर आठ.
पेन्सिलीला टोक काढून पुन्हा केला.
तीनशे त्र्याऐंशी. किंचित कमी.

ब्लॉक तर तीनशे पन्नासचा.
वरचे तेहेतीस आले कुठून, बायकोनं विचारलं.
म्हटलं, जात्याचा खुंटा
मध्यापासून साडेतीन मिलिमीटर लांब ठोकला, बस.
हात तेवढा पुढं जातो,
तेवढाच मागं येतो.
बाहेरून जातं तेच.
ती म्हणाली, दळणारीला विचारलंत का?

गाडी बोस्त्यांवची, सत्तर सालची नोव्हा.
कुवेतहून आली तेव्हा अख्खं कुडचडे बघायला.
मग चौदा वर्षं फणसाखाली,
मागच्या सीटवर कोंबड्या अंड्यावर बसायच्या.
परवा येऊन म्हणाला, बाब, कितलें जातलें?
पैसे की हॉर्सपॉवर, ते कळलं नाही.
मी म्हटलं, बघूया.
दोन्हीला तेच उत्तर.

बावीस वर्षं मी खाणीच्या ट्रकांचे ब्लॉक ओढले.
लाल धूळ रिंगा खायची, लायनर खायची,
क्रँक यायचे लंबगोल होऊन.
दहा अंडरसाइज, वीस, तीस,
त्यापुढं भंगारवाला.
झिजलेलं आणखी झिजवायचं, पण सगळीकडून सारखं:
एवढीच माझी विद्या.
त्यालाच आम्ही दुरुस्ती म्हणायचो
आणि बिल फाडायचो.
खाणी थांबल्या, ट्रक थांबले,
लेथवर मी नारळ किसायच्या मशीनचे शाफ्ट केले.

असलेल्याहून जास्त
मी कधीच काही केलेलं नाही.

म्हणून घाई नको.
क्रँक बोस्त्यांवचा भाचा आणील,
बोटीवर असतो, मायामीला उतरतो.
वजन पंचवीस किलो, विमानात चालतात तेवीस.
दोन किलोंवर सध्या बोलणी अडली आहेत.
कॉम्प्रेशन साडेनऊ, वर नको.
पंपावर मिळेल त्या पेट्रोलला झेपलं पाहिजे,
आणि बोरीच्या पुलावर रांग लागली
तर उकळता कामा नये.
कॅम आणि रॉड यांच्यात दीड मिलिमीटर तरी.
पिस्टनवर नातवाची रंगीत माती ठेवून
एक फेरा हातानं फिरवायचा,
व्हॉल्व्हचा ठसा किती खोल, ते सुरीनं कापून बघायचं.
नातवाला निळी माती परत हवी आहे.

आणि ती एक जागा.
सिलिंडरच्या तळाशी, जिथं रॉडचा बोल्ट
नव्या वाटेनं फिरताना भिंतीला लागणार.
तिथं कानस मारून खाच पाडायची.
थोडी. मग फिरवून बघायचं. मग आणखी थोडी.
जास्त गेली की ब्लॉक संपला,
कारण भिंतीपलीकडे पाणी आहे.

मामाचं शेत बांधाखाली होतं, चिंचोणेला.
भरतीच्या रात्री मामा बांधाला कान लावून झोपायचा.
आम्ही हसायचो.
काल रात्री ब्लॉकवरची चादर काढली,
बोटाच्या पेरानं ठोकून ऐकत बसलो.
कुठं भरीव, कुठं पोकळ.
बायकोनं दिवा लावला, बघितलं, मालवला.

आज बाजार.
कागद तिला हवा, यादी पुढच्या बाजूला.
उतरून घे म्हटलं तर म्हणे, तुम्हीच घ्या उतरून,
तुमचे आकडे आठच.
मी घेतले नाहीत.
आता ती सांगे रस्त्याला असेल.
पिशवीत घागऱ्यो, कांगलां,
सुपारीचा ओला घोस,
आणि त्याच्या खाली कुठंतरी, घडी घातलेलं,
बोस्त्यांवचं इंजिन.