वाजवून बघणे

सातवीच्या पुस्तकात मुख चंद्रासारखं होतं.
मी फळ्यावर चार रकाने आखले :
उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द,
आणि चौथा, जिथं सगळे अडखळतात,
साधारण धर्म.
"चंद्राला डाग हाईत की बाई," मल्लव्वा म्हणाली,
"आणि महिन्यातनं एकदा त्यो येतच नाही."
कुणी हसलं नाही.

खानापूरच्या अलीकडं, फाटकाजवळ आमची शाळा.
खिडकीतून कौलांच्या भट्टीचं धुराडं दिसतं.
मी चंद्र पुसला. लिहिलं,
पाखरू : घरटं :: कौल : ?
"छप्पर." "भट्टी." "माकड."
माकड कसं? "फोडतंय की."
आणि भट्टी?
"पाखरू जन्मतंय कुठं, बाई?"
मला वाटलं होतं, उत्तर एकच आहे.

मग लुमाण्णाचा परसू उभा राहिला,
जूनपासून जो फक्त हजेरीला बोलला होता.
"आमचा बा कौल ठोकून बघतोय बोटानं.
खण्ण वाजलं तर पक्कं.
बद्द वाजलं तर आत चीर असतीय.
वरनं दिसत नाही."

त्या दिवसापासून आम्ही वाजवत सुटलो.
राग विस्तवासारखा. खण्ण.
ताई मांजरासारखी, कारण दूध चोरते.
"पण मांजर चोरून झाल्यावर माझं नाव सांगत नाही."
बद्द.

मधले चार ठिपके वाचायचे कसे?
मी म्हटलं, आधी 'जसं', मग 'तसं'.
मल्लव्वानं वहीच्या कडेला लिहिलं,
ह्यांग, हांग.
आईची कानडी, आमच्या अक्षरात.
मी लाल पेन उघडलं,
परत टोपण लावलं.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले.
मुलं म्हणजे मातीचे गोळे, म्हणाले,
शिक्षक म्हणजे कुंभार.
नोकरीच्या मुलाखतीत हेच मी म्हटलं होतं,
अगदी याच शब्दांत.
मागच्या बाकावरून, हळू पण स्वच्छ :
"बद्द."
साहेबांना वाटलं, दप्तर पडलं.
नंतर परसूला ओसरीवर गाठलं. का रे?
"माती काय विचारत नाही, बाई.
आणि पाच वाजता घरला पळत नाही."
कुंभाराचं पोर. त्याला माती मी काय सांगणार?

वार्षिक परीक्षेत शेवटचा प्रश्न,
स्वतःची एक जोडी तयार करा, दोन गुण.
एका पेपरात इतकंच होतं,
बांध : शेत :: हद्द :
पुढं कोरं.
खाली, बारीक अक्षरात,
"गवा बांध बघत नाही."

दोन द्यावेत की शून्य?
जेवण निवलं. भट्टीवरची पाळी बदलली.
मी टेबलावर बोट ठोकत बसले होते.
लाकूड ते,
त्यातून काय कळणार.